हिपॅटायटिस ‘बी’ची लस : संरक्षण किती वर्षांचे?

(जागतिक हिपॅटायटिस दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वैद्यकीय विषयावर बोलण्यासाठी माझ्यासारखा वाणिज्य शाखेचा पदवीधर उभा राहिलेला पाहून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. माझे आयुष्य जमा-खर्च, पावत्या आणि लेखापरीक्षण यांत गेले. तरीही हा विषय माझ्याकडे आला, कारण त्याचा आरंभ एका देणगीच्या पत्राने झाला. आपल्या एका जुन्या हितचिंतकांनी पत्रात लिहिले होते, “पंचवीस वर्षांपूर्वी आपण राजूर परिसरात कावीळ ‘ब’च्या लसीचे शिबिर घेतले होते. त्या वेळी दिलेल्या कार्डावर पाच वर्षांनी बूस्टर घ्यावा असे छापले होते. तो बूस्टर बहुतेकांचा राहून गेला. आता त्या सर्वांना पुन्हा टोचण्याचा खर्च मी उचलू इच्छितो.” देणगी मोठी होती आणि भावना त्याहून मोठी होती. विश्वस्त मंडळाने ते पत्र माझ्याकडे पाठविले आणि खर्चाचे अंदाजपत्रक तयार करण्यास सांगितले.

अंदाजपत्रक करण्यापूर्वी वस्तू खरोखर लागणार आहे का, हे पाहण्याची आम्हा हिशेबाच्या माणसांची सवय असते. म्हणून मी आपल्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी दिलेले साहित्य वाचले, जे कळले नाही ते पुन्हा विचारले. त्यातून जे हाती आले ते आज आपल्यासमोर ठेवीत आहे. त्यात आपल्या संस्थेच्या काही चुकाही आहेत. त्या मी लपविणार नाही.

आजार कोणता?

आपल्याकडे ‘कावीळ’ हा एकच शब्द अनेक आजारांसाठी वापरला जातो. डोळे पिवळे झाले, लघवी गर्द झाली की ती कावीळ. मग कुणी माळ घालतो, कुणी झाडपाला देतो, कुणी कावीळ उतरवून घेतो. दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू मात्र पाण्यातून वा अन्नातून येत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणाच्या वेळी आईकडून बाळाकडे जातो. न उकळलेली सुई, अनेकांसाठी वापरलेला वस्तरा, गोंदणाची सुई, तपासणी न झालेले रक्त हे त्याचे मार्ग आहेत. शरीराबाहेर सांडलेल्या रक्तातही तो निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. २००९ साली गुजरातमधील मोडासा येथे या आजाराची साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. तेथे वापरलेल्या सुया व सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्याचे आढळले होते. ‘सुई मारून द्या’ असा आग्रह धरणाऱ्या आपल्या समाजाने ते गाव विसरू नये.

या विषाणूचा एक विलक्षण नियम आहे. तो माणसाला ज्या वयात गाठतो, त्यावर पुढचे सारे अवलंबून असते. प्रौढ माणसाला संसर्ग झाला तर शंभरातील पंचाण्णवांहून अधिक जण विषाणूला पिटाळून लावतात. नवजात बाळाला संसर्ग झाला तर सुमारे नव्वद टक्के बालकांच्या यकृतात तो जन्मभर मुक्काम करतो. अशा बाळाला कावीळही दिसत नाही. ते खेळते, शाळेत जाते, मोठे होऊन खाणीत किंवा भट्टीवर कामाला लागते आणि चाळिशीच्या सुमारास पोटात पाणी घेऊन रुग्णालयाच्या दारात येते. तेव्हा यकृत आकसलेले असते किंवा त्यात कर्करोग शिरलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोक या दीर्घकालीन संसर्गासह जगत होते. त्यांपैकी जवळपास तीन कोटी आपल्या देशात होते. त्याच वर्षी या आजाराने जगात सुमारे ११ लाख मृत्यू झाले.

लस कशी आली?

अमेरिकेतील शास्त्रज्ञ बारूक ब्लुमबर्ग यांनी १९६५ साली एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन आढळल्याचे जाहीर केले. ते या विषाणूचे बाह्य आवरण असल्याचे पुढे सिद्ध झाले. ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस, म्हणूनच आजचा दिवस पाळला जातो. १९८१ साली अमेरिकेत पहिल्या लसीला मान्यता मिळाली. ती संसर्ग झालेल्या माणसांच्या रक्तद्रवातून तयार केली जात असे. १९८६ साली यीस्टच्या साहाय्याने, मानवी रक्ताशिवाय, लस तयार होऊ लागली.

भारतात ती आली तेव्हा परदेशी लसीची किंमत मजुराच्या आवाक्याबाहेर होती. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या कंपनीने पहिली देशी पुनर्संयोजित लस बाजारात आणली. नंतर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटसह इतर भारतीय कंपन्याही या क्षेत्रात आल्या आणि किंमत झपाट्याने उतरली. किंमत उतरली म्हणूनच गावोगाव शिबिरे होऊ शकली. शासनाने २००२-०३ मध्ये निवडक जिल्ह्यांत व शहरांत प्रायोगिक तत्त्वावर ही लस बालकांना देण्यास आरंभ केला. २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत आणि २०११-१२ मध्ये संपूर्ण देशात तिचा विस्तार झाला. आज बाळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिली मात्रा आणि पुढे सहा, दहा व चौदा आठवड्यांना पंचगुणी लसीतून आणखी तीन मात्रा विनामूल्य दिल्या जातात.

ते शिबिर

२००० सालच्या आसपास आपण ते शिबिर घेतले तेव्हा मी लेखा विभागात नव्याने लागलो होतो. राजूर हे कोळशाचे आणि चुन्याचे गाव. खाणीतील कामगार, चुनाभट्टीवरील मजूर, परप्रांतांतून आलेली कुटुंबे, वणीच्या बाजारातून परतणारी मंडळी, सर्वांची रांग लागली होती. मी टेबलावर बसून पावत्या फाडीत होतो. तीन मात्रांचे कार्ड होते : आज, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी. खाली ठळक अक्षरांत ‘पाच वर्षांनी बूस्टर’ असे छापले होते.

हे वाक्य खोटेपणाने छापले गेले नव्हते. त्या काळी लसच जेमतेम वीस वर्षांची होती. लस घेतलेल्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे काही वर्षांनी उतरतात, हे मोजणीत दिसत होते. प्रतिपिंडे उतरली म्हणजे संरक्षणही संपले का, याचे उत्तर काळच देणार होता. सावधगिरी म्हणून अनेक ठिकाणी पाच वर्षांनी एक मात्रा सुचविली जात असे. मात्र २००० सालीच युरोपातील तज्ज्ञांच्या एका गटाने ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्पष्ट मत मांडले की, निरोगी व्यक्तीने तीन मात्रा पूर्ण केल्या असतील आणि शरीराने त्यांना योग्य प्रतिसाद दिला असेल, तर बूस्टरची गरज नाही. ते मत आपल्या कार्डापर्यंत पोहोचले नाही. त्यामुळे अनेक कुटुंबे गेली वीस वर्षे मनात एक रुखरुख बाळगून आहेत. “साहेब, आमचं बूस्टर तं राहूनच गेलं,” असे आजही बाह्यरुग्ण विभागात कुणी ना कुणी मला म्हणते.

रोकड आणि ठेव

प्रतिपिंडे उतरूनही संरक्षण कसे टिकते, हे मला डॉक्टरांनी समजावले. मी ते माझ्या भाषेत सांगतो. लस टोचल्यावर शरीरात दोन गोष्टी घडतात. एक, रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. ती हातातील रोकड समजा. दोन, शत्रूची ओळख जपून ठेवणाऱ्या स्मृतिपेशी तयार होतात. ती बँकेतील मुदत ठेव समजा. रोकड वर्षागणिक खर्च होत जाते. पाच, दहा, पंधरा वर्षांनी रक्त तपासले तर ती नगण्य दिसू शकते. पण ठेव शाबूत असते. खरा विषाणू शरीरात आला की स्मृतिपेशी जाग्या होतात आणि काही दिवसांतच नव्याने प्रतिपिंडे तयार करू लागतात.

प्रश्न एवढाच की, ठेव मोडून पैसे हाती येईपर्यंत सावकार दारात येऊन घर लुटणार तर नाही? येथे या आजाराचा संथपणा आपल्या कामी येतो. संसर्ग झाल्यापासून आजार प्रकट होईपर्यंत साधारण दोन ते पाच महिने लागतात. स्मृतिपेशींना तेवढी सवड भरपूर होते. जो आजार दोन-तीन दिवसांत उसळतो, त्याच्या बाबतीत केवळ ठेवीवर भागत नाही. तेथे हातात रोकडच असावी लागते. म्हणून एका लसीला बूस्टर लागतो आणि दुसरीला लागत नाही.

हे नुसते तर्काने ठरलेले नाही. अमेरिकेतील अलास्का प्रांतात, जेथे स्थानिक रहिवाशांत हा आजार फार होता, १९८१ साली पंधरा वस्त्यांतील १,५७८ जणांना तीन मात्रा देण्यात आल्या आणि त्यांचा पाठपुरावा वर्षानुवर्षे केला गेला. तीस वर्षांनी त्यांपैकी २४३ जणांची तपासणी झाली. निम्म्याहून किंचित अधिक लोकांच्या रक्तात संरक्षक पातळीइतकी, म्हणजे प्रति मिलिलिटर १० मिली-आंतरराष्ट्रीय एकके वा त्याहून अधिक प्रतिपिंडे होती. ज्यांची पातळी खाली होती त्यांना एक मात्रा दिली, तेव्हा त्यांतील ८८ टक्क्यांच्या शरीराने त्वरित प्रतिसाद दिला. अर्थात ठेव तेथे होती. एकंदर नव्वद टक्क्यांहून अधिक लोक तीस वर्षांनीही सुरक्षित असल्याचा निष्कर्ष निघाला.

दुसरा दाखला तैवानचा. तेथे १९८४ साली नवजात बालकांचे राष्ट्रीय लसीकरण सुरू झाले. त्यापूर्वी तैपेई शहरातील पंधरा वर्षांखालील मुलांत सुमारे दहा टक्के मुले विषाणूवाहक होती. दहा वर्षांत ते प्रमाण १.३ टक्क्यांवर आले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. कर्करोग टाळणारी पहिली लस म्हणून तिची ओळख झाली ती अशा अनुभवामुळे. जन्मतः लस घेतलेल्या मुलांची प्रतिपिंडे पौगंडावस्थेपर्यंत बरीच उतरतात, हे तेथेही दिसले. तरीही त्यांच्यात दीर्घकालीन संसर्ग क्वचितच आढळला. या साऱ्याचा विचार करून जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ सालच्या आपल्या भूमिकापत्रात सर्वसाधारण निरोगी लोकांसाठी बूस्टरची शिफारस केलेली नाही.

तेव्हा पत्रलेखक महोदयांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे : ज्यांनी तीनही मात्रा वेळेवर घेतल्या आणि जे अन्यथा निरोगी आहेत, त्यांनी राहून गेलेल्या बूस्टरची खंत सोडून द्यावी.

मग काळजी कोणाची?

एवढ्यावर भाषण संपले असते तर अंदाजपत्रकही संपले असते. पण ‘ज्यांनी तीनही मात्रा घेतल्या’ या चार शब्दांशी मी अडखळलो. मी कपाटातून शिबिराच्या जुन्या नोंदवह्या काढल्या. पहिल्या मात्रेच्या दिवशीची पाने भरगच्च होती. दुसऱ्या महिन्याची पाने विरळ होती. सहाव्या महिन्याच्या पानांवर बरीच जागा कोरी होती. काम संपले तसे मजूर गाव सोडून गेले होते. काहींना पहिल्या सुईनंतर ताप आला म्हणून ते परतले नाहीत. आमच्या त्या वर्षीच्या वार्षिक अहवालात टोचलेल्या एकूण मात्रांची संख्या अभिमानाने छापली आहे. तिसरी मात्रा किती जणांनी घेतली, तो आकडा छापलेला नाही. तो अहवाल मुद्रणालयात देण्यापूर्वी हिशेब तपासण्याचे काम माझ्याकडे होते.

ज्यांची तिसरी मात्रा राहिली त्यांत एक नाव माझे स्वतःचेही होते. वर्षअखेरीच्या कामाच्या धांदलीत ती राहिली आणि नंतर विसरली गेली. अनेक वर्षांनी ती घेताना मला कळले की, मध्ये कितीही काळ गेला तरी मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. जेथे थांबलो तेथून पुढे जायचे. आपल्यापैकी कुणाची मात्रा राहिली असेल तर हे ध्यानात ठेवावे. उशीर झाला म्हणून संकोच करू नये.

दुसरी गोष्ट सांगताना मला क्लेश होतात. काही वर्षांपूर्वी चुनाभट्टीवर उमेद घालविलेले एक गृहस्थ पोटात पाणी झाल्यामुळे आपल्याकडे दाखल झाले. त्यांच्या पत्नीने पिशवीतून आपल्याच शिबिराचे कार्ड काढून दाखविले. तीनही मात्रांवर शिक्के होते. “कार्ड पूर्ण आहे, मग हे कसं झालं?” हा त्या माउलीचा प्रश्न होता. उत्तर असे होते की, लस टोचण्यापूर्वीच विषाणू त्यांच्या शरीरात होता, बहुधा बालपणापासून. लस येणाऱ्याला अडविते. आधीच घरात शिरलेल्याला ती बाहेर काढू शकत नाही. शिबिरात आम्ही टोचण्यापूर्वी कुणाचेही रक्त तपासले नव्हते. त्या काळी बहुतेक शिबिरांत तसेच होत असे, हे खरे. पण कार्ड पूर्ण आहे म्हणून ते गृहस्थ निश्चिंत राहिले आणि उपचाराची अनेक वर्षे हातची गेली, हेही तितकेच खरे. त्यांच्या निधनानंतर आम्ही कुटुंबातील सर्वांची तपासणी केली. एका मुलाला संसर्ग आढळला. तो आज नियमित औषध घेतो, कामावर जातो. या आजाराला आवर घालणारी औषधे उपलब्ध आहेत आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमांतर्गत तपासणी व औषधे विनामूल्य देण्याची सोय झाली आहे. ती सोय आहे हे ठाऊक नसणे, हीच आता मोठी अडचण आहे.

तिसरी गोष्ट आपल्या स्वच्छता विभागातील एका मावशींची. कचऱ्याच्या चुकीच्या पिशवीत कुणीतरी टाकलेली सुई त्यांच्या बोटात शिरली. ज्या रुग्णाची ती सुई होती, त्याच्या रक्तात विषाणू होता. मावशींनी तीन मात्रा घेतल्याची नोंद होती, म्हणून आम्ही धीर धरला. पण प्रतिपिंडांची तपासणी केली तेव्हा पातळी दहाच्या खाली आली. आता ही रोकड पूर्वी होती आणि संपली, की मुळात खाते उघडलेच नव्हते? लस पूर्ण झाल्यावर एक ते दोन महिन्यांनी करावयाची तपासणी आम्ही कधी केलीच नव्हती. आरंभीची शिल्लक ठाऊक नसेल तर अखेरच्या शिलकेचा अर्थ लागत नाही, हे मी आयुष्यभर लेखनिकांना शिकवीत आलो. माझ्याच कर्मचाऱ्यांच्या बाबतीत मात्र ते मला सुचले नाही. त्या रात्री नागपूरहून तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन मागविले, ते आणि लसीची मात्रा त्यांना दिली. सहा महिन्यांनी तपासणी निर्दोष आली तेव्हा मावशींनी सर्वांना पेढे वाटले. ते सहा महिने त्यांनी कसे काढले, ते त्यांनाच ठाऊक.

निरोगी प्रौढांतही शंभरातील पाच ते दहा जणांच्या शरीरात तीन मात्रांनंतर पुरेशी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. वय चाळिशीपलीकडे गेले, धूम्रपान असले, शरीर स्थूल असले की हे प्रमाण वाढते. अशांना पुन्हा तीन मात्रा दिल्यास त्यांतील पुष्कळांना लाभ होतो. सर्वसामान्य माणसाने ही तपासणी करण्याची आवश्यकता नाही. पण ज्याचा हात रोज रक्ताशी येतो, त्याची ती झालीच पाहिजे.

कुटुंबीयांसाठी थोडक्यात

१. तीन मात्रा पूर्ण असलेल्या निरोगी व्यक्तीस बूस्टरची गरज नाही. मात्रा अपुऱ्या असतील तर राहिलेल्या तेवढ्याच घ्याव्यात.

२. डायलिसिसवरील रुग्णांचा नियम वेगळा आहे. त्यांना वाढीव मात्रा लागते, दरवर्षी प्रतिपिंडांची तपासणी लागते आणि पातळी दहाच्या खाली गेल्यास बूस्टरही लागतो. एचआयव्हीबाधित किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांनी डॉक्टरांचा स्वतंत्र सल्ला घ्यावा.

३. प्रत्येक गर्भवतीची या विषाणूसाठी तपासणी व्हावी. आई बाधित असेल तर बाळाला जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर, २४ तासांच्या आत, लस आणि तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन द्यावे, पुढील मात्रा पूर्ण कराव्यात आणि नऊ ते बारा महिन्यांच्या वयात बाळाचे रक्त तपासून घ्यावे. अशा आईने बाळाला अंगावर पाजण्यास हरकत नाही.

४. घरात कुणी बाधित असल्यास इतर सर्वांनी आधी तपासणी करावी, मग लस घ्यावी. वस्तरा, दात घासण्याचा ब्रश, नखे कापण्याचे साधन वेगळे ठेवावे. एकत्र जेवणे, हात मिळविणे, मूल कडेवर घेणे यांतून हा आजार पसरत नाही. बाधित माणसाचे ताट वेगळे करून त्याचे मन दुखवू नये.

५. प्रौढांना लस दंडात आणि बाळांना मांडीच्या बाहेरील बाजूस टोचावी. कुल्ल्यावर टोचल्यास तिचा परिणाम उणावतो.

लस आणि शीतकपाट

एक बाब प्रशासनाच्या अखत्यारीतील आहे. आपल्या भागातील उन्हाळा आपण जाणता. लस उन्हाने खराब होईल, या भीतीने पूर्वी आम्ही ती शीतकपाटात बर्फाच्या खणाला चिकटवून ठेवीत असू. ही लस दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये ठेवावयाची असते. उष्णता ती काही काळ सोसते, पण एकदा गोठली की ती निकामी होते, आणि वितळल्यावर दिसायला पुन्हा जवळपास पूर्वीसारखीच दिसते. अशी कुपी टोचली तर कार्डावर शिक्का बसतो आणि शरीरात काहीच घडत नाही. म्हणून शीतकपाटातील तापमापक दिवसातून दोनदा वाचणे आणि नोंद करणे हे काम मला रोकडवहीइतकेच महत्त्वाचे वाटते.

देणगीचे काय झाले?

हे सर्व टिपण घेऊन मी त्या हितचिंतकांच्या घरी गेलो. ‘आपण देऊ केलेल्या कामाची गरज नाही’ असे देणगीदाराला सांगणे कोणत्याही प्रशासकाला सोपे नसते. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “म्हणजे मी ज्यांच्यासाठी पैसे देत होतो ते सुखरूप आहेत, आणि जे सुखरूप नाहीत त्यांच्याकडे आपल्या कुणाचंच लक्ष नव्हतं. मग पैसे तिकडे लावा.” त्यांनी देणगीचा एक रुपयाही कमी केला नाही. नाव जाहीर न करण्याच्या अटीमुळे मी येथे त्यांचा उल्लेख करू शकत नाही. ते या सभागृहात आहेत, एवढेच सांगतो.

विश्वस्त मंडळाच्या मान्यतेने त्या निधीतून पुढील कामे हाती घेण्यात आली आहेत. आपल्या रुग्णालयातील प्रत्येक कर्मचाऱ्याची, डॉक्टरांपासून स्वच्छता कामगारांपर्यंत, लस पूर्ण करून प्रतिपिंडांची नोंद सेवापुस्तकात ठेवणे, बाधित मातांच्या बाळांसाठी तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन रुग्णालयात कायम साठ्यात ठेवणे, जेणेकरून ते रात्री नागपूरहून मागवावे लागणार नाही, शीतकपाटासाठी वीज गेल्यावर चालणारी स्वतंत्र व्यवस्था करणे आणि जुन्या नोंदवह्यांतील कोऱ्या जागांवरून माणसे शोधून काढणे. शेवटचे काम सर्वांत कठीण आहे. कित्येक कुटुंबे स्थलांतरित झाली, काही माणसे हयात नाहीत. तरीही आशाताई आणि आपले कर्मचारी घरोघरी जाऊन विचारीत आहेत. जे सापडतात त्यांची आधी रक्ततपासणी होते. संसर्ग नसेल तर राहिलेली मात्रा, आणि असेल तर शासकीय कार्यक्रमात नोंदणी करून उपचार.

यापुढे आपल्या वार्षिक अहवालात लसीकरणाखाली किती मात्रा टोचल्या हा आकडा एकटा छापला जाणार नाही. मालिका किती जणांनी पूर्ण केली आणि किती जणांची राहिली, हे दोन आकडे त्याच्या शेजारी असतील. दुसरा आकडा आम्हाला कमीपणा आणणारा असला तरी तो असेल. आपण देता त्या पैशाचा हिशेब आम्ही पैशांत देत आलो. ज्याच्यासाठी तो पैसा दिला, त्या माणसापर्यंतचा हिशेबही आपणास देणे आमचे कर्तव्य आहे.

आपणा सर्वांना माझी एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर जुन्या कागदपत्रांत ते कार्ड शोधा. ‘पाच वर्षांनी बूस्टर’ ही ओळ खुशाल खोडून टाका. पण तिच्या वरच्या तीन रकाने नीट पाहा. तीनही भरलेले असतील आणि रक्ततपासणी कधी झाली नसेल, तर एकदा ती करून घ्या. एखादा रकाना कोरा असेल, तर कार्ड घेऊन आमच्याकडे या. पंचवीस वर्षांचा उशीर झाला असला तरी आम्ही तुम्हाला पहिल्या रांगेत परत पाठविणार नाही.